विचारून सोडलेलं पाणी

१

या गावाला शांतता सोसत नाही. डोंगराच्या पायथ्याशी जुनं पॉवर हाऊस आहे आणि त्यातल्या दोन टर्बाइनांची घरघर दिवसरात्र गावात शिरलेली असते. भिंतींत, पलंगाच्या पायांत, टेबलावरच्या पेल्यातल्या पाण्यात. बाळं तिच्यावर झोपतात. लग्न होऊन परगावी गेलेल्या मुली सुरुवातीला रात्रभर टक्क जाग्या राहतात. सासरच्यांना वाटतं, पोरगी माहेरच्या आठवणीने झुरतेय. ती बिचारी नुसती आवाज शोधत असते.

वर्षातून एकदा हा आवाज बंद पडतो. वरच्या तलावातून पॉवर हाऊसपर्यंत डोंगरउतारावरून लोखंडी पाइप येतो, माणूस आत ताठ उभा राहील एवढा मोठा. तो रिकामा करतात, आतला गंज खरवडतात, डांबरी रंग मारतात. तेवढे दिवस गावाला वीज नाही. दवाखान्यापुरता डिझेलचा संच चालतो आणि बाकीचे मेणबत्त्या लावून पॉवर हाऊसवाल्यांना शिव्या घालतात. शिव्या घरच्याच असतात, कारण प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तिथे कामाला होतं, आहे, किंवा चिकटायच्या खटपटीत आहे.

धाकटी चिकटली ती बापाच्या शब्दावर. बाबा तिथले फोरमन, दादा फिटर. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षी सोडून ती घरी आली तेव्हा आईने आठवडाभर तिच्याशी बोलताना भिंतीकडे पाहिलं. बाबा एवढंच म्हणाले, "शिकूनही इथेच यायचं होतं. जरा लवकर आलीस." आणि तिच्या हातात पाना दिला. तिने कॉलेज का सोडलं हे विचारायची दोघांनाही गरज वाटली नाही. मोठ्या माणसांना उत्तरं आधीच माहीत असतात, म्हणून ती विचारत नाहीत.

विचारायचं फक्त पाइपला. तसा नियमच होता. वर तलावाशेजारी चाकाची खोली: दगडी, एका खिडकीची, आत तेलाचा आणि ओल्या लोखंडाचा वास. खाली पॉवर हाऊसपाशी पाइपात शिरायचं मॅनहोल. काम संपलं की खालचा माणूस मॅनहोलचं झाकण लावून वर फोन करतो. वरचा माणूस पाइपवर हातोड्याचे तीन ठोके देतो आणि लोखंडाला कान लावून थांबतो. आत चुकून कुणी राहिलं असेल तर ते उलट ठोके देईल. काही आलं नाही की चाक फिरवायचं, पाणी सोडायचं. कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, याची दुसरी काही नोंद नाही. "चार डोकी आपली," बाबा म्हणायचे, "ती काय मोजायची?"

गेल्या वर्षी बाबांनी हातोडा तिच्याकडे दिला. टर्बाइनांनी त्यांचे कान खाल्लेत, असं सगळेच म्हणत. घरात त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागे. "तुझे कान कोवळे आहेत," ते म्हणाले. "तू विचार."

तिने ठोके दिले. कान लावला. लोखंड गार होतं, गालाला चिकटत होतं. काहीच आलं नाही. ती मान मागे घेणार, एवढ्यात उत्तर आलं.

तीन. सावकाश, सारख्या अंतराने. खूप वेळा केलेलं काम माणूस करतो तसे.

"बाबा, आत कुणीतरी आहे."

"काय?"

"ठोके आले. तीन," ती ओरडली.

बाबांनी चाकावरचा हात काढला नाही. "येतात," ते म्हणाले. "चल, धर इकडून."

२

तिने धरलं नाही. चाकाच्या आऱ्यांतून साखळी ओवली, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. बाबांनी खुर्चीत बसून बूट काढले आणि पायाची बोटं चोळत बसले, गाडी चुकलेल्या माणसासारखे.

खाली दादाने पुन्हा झाकण उघडलं, बत्ती घेऊन आत शिरला आणि सगळा पाइप चढून उतरून आला. बाहेर आला तेव्हा गुडघ्यापर्यंत काळा झाला होता. "काही नाही," तो म्हणाला. "बेडूकसुद्धा नाही."

या सगळ्यात झाकणाखालचं रबरी गॅस्केट फाटलं. नवं शहरातून येईपर्यंत दुसरा दिवस उजाडला. त्या एका जादा रात्रीत बेकरीची भट्टी वाया गेली, दातांच्या डॉक्टरकडे वीज जाण्याआधी अर्धा कोरलेला कुणाचा तरी दात आणखी एक दिवस तसाच राहिला, आणि धाकटीच्या घराशेजारची म्हातारी मेली. ती श्वासाच्या मशीनवर होती. वीज जाणार हे धरून घरच्यांनी सिलिंडर आणून ठेवले होते, पण ते ठरलेल्या दिवसांपुरतेच. म्हातारीला मरायला बराच वेळ लागला. भिंत सामाईक होती, त्यामुळे धाकटीच्या घरच्यांनी ते सगळं ऐकलं, आणि आईने एकदाही तिला दुसऱ्या खोलीत जाऊन झोप म्हटलं नाही.

सकाळी म्हातारीची सून दारात आली. भांडली नाही. नुसती म्हणाली, "कानांना औषध घाल गं बाई."

तेव्हापासून गावात तिचं नाव ठोकेबाई पडलं. ती दुकानावरून गेली की न्हावी कात्रीने खुर्चीच्या दांड्यावर तीनदा टकटक करायचा आणि गिऱ्हाईक आरशातल्या आरशात हसायचं. शाळेतल्या तिच्या जुन्या मास्तरांनी तर भर रस्त्यात छातीवर तीन टिचक्या मारून विचारलं, "काय गं, आत कुणी आहे का?" माणूस निवृत्त झाला तरी विनोद काही होत नाही.

आईने ते अजून सरळ करून सांगितलं. "त्या म्हातारीचा तो घरघरणारा आवाज लक्षात ठेव आणि पुढल्या वर्षी गुपचूप चाक फिरव. आम्हाला याच गावात राहायचंय."

३

सगळं वर्ष तिने डोक्याने विचार केला. लोखंड दिवसा तापतं, सावलीत गार होतं, आकसतं आणि वाजतं. ठोका लांब जाऊन परत येऊ शकतो. कॉलेजात हे शिकवलं होतं. कॉलेज सोडलं तरी ते काही खोटं पडलेलं नव्हतं.

पण आकसणारं लोखंड मोजून तीनदा वाजत नाही. आणि पडसाद असा उशीर करत नाही. तिचे ठोके आणि आलेलं उत्तर, या दोहोंच्या मधे जो वेळ गेला होता तो तिने मनात कितीदा तरी पुन्हा काढून पाहिला. वाकायला, हाताशी काहीतरी घ्यायला आणि सरळ व्हायला माणसाला लागतो तेवढा तो वेळ होता.

पाइप भरलेला असताना तिने ठोकून पाहिलं. टर्बाइनांची थरथर फक्त, बाकी काही नाही. पाणी आत असताना ते गप्प बसत होतं, जे काही होतं ते.

मग तिने गावातल्या निवृत्त लोकांना गाठलं. चाकाच्या खोलीत काम करून गेलेले सात-आठ जण अजून हयात होते. सगळे ऐकायला कमी. एकाने तिला चहा विचारला, एकाने लग्नाचं विचारलं. तिसरा अंगणात झारीने झाडांना पाणी घालत होता. ती मागून हळू आवाजात, जवळजवळ पुटपुटत म्हणाली, "पाइपातून उत्तर यायचं का हो तुम्हाला?" झारी थांबली. पाणी एकाच कुंडीत पडत राहिलं, कडेवरून वाहायला लागलं. मग तो वळला आणि कानामागे हात धरून मोठ्याने म्हणाला, "काय म्हणालीस बाळ?"

काकांकडे जाण्यात तर अर्थच नव्हता. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. पूर्वी फिटर, आता पॉवर हाऊस बघायला येणाऱ्या पाहुण्यांना माहिती सांगायचे. पितळी पाट्या, जुने फोटो, पहिल्या दिव्याची गोष्ट. शाळांच्या सहली आल्या की टर्बाइनाच्या पोटावर थाप मारून म्हणायचे, "आमची ही म्हातारी. हिने गाव पोसलं आणि आजवर एकही माणूस घेतला नाही." पोरं टाळ्या वाजवायची. तिने ते इतक्यांदा ऐकलं होतं की या वर्षी पहिल्यांदाच तिच्या मनात आलं: न विचारता हे का सांगतात?

४

या वर्षी पॉवर हाऊसची शंभरी होती. पाहुणे येणार, भाषणं होणार, आणि सगळ्यांसमोर पाणी सोडून टर्बाइनं चालू करायची, गावात एकदम दिवे लावायचे, असं काकांनी ठरवलं. चार महिने त्यांच्या तोंडात दुसरं काही नव्हतं.

पाइप आतून खरवडायला परगावचा रंगारी आणला होता. ठेकेदाराने सोडलेला एकटाच माणूस, चाळिशीचा, बारीक, आणि आत काम करताना मोठमोठ्याने बेसूर गाणारा. मॅनहोलशी उभं राहिलं की डोंगराच्या पोटात कुणीतरी रागावल्यासारखं वाटायचं. गावात कुणी त्याचं नाव विचारलं नाही. धाकटीला तो ताई म्हणायचा आणि तिचं टोपणनाव त्याला माहीत नव्हतं, म्हणून तिला त्याच्याशी बोलायला बरं वाटायचं.

दुपारी जेवायला बोलवायचं तर दादा बाहेरून पाइपवर तीन ठोके द्यायचा. आतून तीन आले की समजायचं, निघाला.

एकदा रंगारी जेवून पाइपच्याच सावलीत बसला होता. तिला म्हणाला, "ताई, आत माझ्याशिवाय अजून कुणी काम करतंय का?"

"नाही. का?"

"काल तुमच्या भावाने ठोकलं ना जेवायला. मी खरवडणी खाली ठेवली होती. ती शोधली, उचलली, ठोकायला हात वर केला, आणि तेवढ्यात उत्तर गेलंसुद्धा."

"म्हणजे?"

"म्हणजे मी दिलंच नाही. माझ्या वरच्या अंगाने आलं. कोपर आहे ना, पाइप वळतो तिथे. मी बत्ती फिरवली तर काही नाही, काळं लोखंड फक्त. तिथल्या एका तुकड्यावर गंज नव्हता. तळहाताएवढा. चकचकीत, घासून घासून झालेला." तो हसला. "म्हटलं बरंय, आपलं एक काम वाचलं."

ती हसली नाही. त्याने ते पाहिलं आणि त्याचंही हसू उतरलं.

"भ्यायलो नाही हो," तो म्हणाला. "अंधारात कामं करून हाडं झिजली. एकच सांगा. मी आत असताना तुम्ही वरून विचारलंत, आणि तुम्हाला उत्तर आलं, तर ते माझं आहे हे तुम्हाला कळायचं कसं?"

ती म्हणाली, "चाकावर मी असते. तुम्हाला बाहेर उभं बघितल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि हात झटकून उठला. त्याचा तिच्यावर लगेच विश्वास बसला. तिच्या घरातल्या कुणाचा बसला नसता.

५

समारंभाच्या आदल्या संध्याकाळी बाबा जेवताना म्हणाले, "रंगाऱ्याचं उरकलं. गेला."

तिने मान डोलावली. निरोप घेऊन गेला नाही याचं तिला जरासं वाईट वाटलं, आणि मग आईने वाढलेलं ताट समोर आलं.

दुसऱ्या दिवशी ती सकाळपासून बाबांबरोबर चाकाच्या खोलीत होती. खिडकीतून खाली पॉवर हाऊससमोरचा मांडव दिसत होता, खुर्च्या दिसत होत्या. गाव जमत होतं. कुणी नवे कपडे घातले होते. एवढ्या लांबूनही त्यांची घाई कळत होती. इतके दिवस अंधारात काढलेली माणसं, घरी जाऊन बटण दाबायला आसुसलेली.

फोन वाजला. काका होते. "झाकण लावलं. सोडा."

"तुम्ही लावलंत?" तिने विचारलं. "दादा कुठेय?"

"असेल इथेच."

"दिसतोय का तुम्हाला?"

"अगं, पाहुणे येऊन बसलेत. मी काय कडेवर घेऊन फिरतोय का त्याला? सोड." फोन ठेवला गेला.

तिने पुन्हा फोन फिरवला. वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

झाकण लावायचं काम दादाचं होतं. आजवर दुसऱ्या कुणी लावलेलं तिने पाहिलं नव्हतं. "बाबा, दादा सापडत नाहीये," ती ओरडून म्हणाली. "मी खाली जाऊन बघून येते."

"जायला-यायला तास मोडेल," बाबा म्हणाले. "दादा काय कुकुलं बाळ आहे? विचार पाइपला."

तिने हातोडा घेतला. तीन ठोके दिले, गाल लोखंडावर टेकला आणि थांबली.

तीन आले.

गेल्या वर्षीसारखेच. तेवढ्याच वेळाने, तेवढेच सावकाश. तिने अर्थ लावायचा प्रयत्न केला. दादा आत असता तर तो असा शांतपणे ठोकेल का? त्याने झाकण बंद होताना ऐकलं असतं, तो आरडाओरडा करेल, बेफाम ठोकेल. हे नेहमीचंच आहे. गेल्या वर्षी हेच आलं होतं आणि आत बेडूकसुद्धा नव्हता. तिने थांबवलं आणि म्हातारी रात्रभर भिंतीपलीकडे घरघरत मेली. हिशोब साफ होता. तिच्या डोक्याने असा साफ हिशोब कॉलेजातही कधी केला नव्हता.

"येतंय?" बाबांनी विचारलं.

"येतंय."

"मग?"

तिने चाक धरलं आणि फिरवलं. जड होतं, बाबांनी पलीकडून जोर लावला. आत कुठेतरी झडप हलली आणि पाणी उताराला लागल्याचा आवाज आला, आधी बारीक, मग घशातून आल्यासारखा भरडा.

आणि ठोके सुरू झाले.

आता ते तीन नव्हते. मोजता येत नव्हते. लोखंडावर लोखंड, भराभर, वेडंवाकडं, मधेच चुकत, घसरत. ते एका जागी नव्हते. खालून वर येत होते. कोपरापासून खोलीकडे, पाण्याच्या तोंडावर, कारण खाली झाकण होतं आणि वर निदान माणसं होती. कान लावायची गरज उरली नव्हती. खिडकीची काच वाजत होती.

"दादा," ती म्हणाली. तिने चाक उलट फिरवायला हात बदलला.

बाबांचे दोन्ही हात तिच्या हातांवर आले. खरखरीत, गरम, आणि तिच्यापेक्षा कितीतरी बळकट.

तिने वर पाहिलं. बाबांचा चेहरा पाइपकडे वळलेला होता. एकेका ठोक्याबरोबर त्यांची पापणी किंचित लवत होती. प्रत्येक ठोक्याला. एकदाही चुकत नव्हती.

त्यांचे कान शाबूत होते.

"आता थांबवू नको," ते म्हणाले, तिच्या कानाशी, अगदी हळू आवाजात. या आवाजात बाबांना बोलताना तिने लहानपणापासून ऐकलं नव्हतं. "अर्धं पाणी फार वेळ घेतं. पूर्ण सोड. पूर्ण सोडलं की लवकर होतं."

आणि तिच्या हातांवरून त्यांनी चाक शेवटपर्यंत फिरवलं.

६

ठोके थांबल्यावरही ती चाकाला धरून उभी होती. खालून टर्बाइनांची घरघर वर आली. मग मांडवातून ओरडा झाला, एकदम, आनंदाचा. दिवे लागले असणार.

बाबांनी फडक्याने हात पुसले, फडकं तिला दिलं. "चल. चेहरा धू. काका वाट बघतोय."

ती हलली नाही. दादाचा चेहरा तिला आठवेना. रोज समोर बसून जेवणारा भाऊ, आणि त्याच्या डोळ्यांचा रंग आठवेना.

दार धाडकन उघडलं. दादा आत आला. घामाने निथळत, धापा टाकत, गळ्यात नवं गॅस्केट अडकवलेलं.

धाकटी मटकन खाली बसली आणि हसायला लागली. मोठ्याने, तोंड वेडंवाकडं करून. आजवर कुठल्याच गोष्टीचा तिला इतका आनंद झाला नव्हता. तिने दादाच्या पँटचं कापड मुठीत धरलं आणि सोडेना.

"हिला काय झालं?" दादा म्हणाला. मग बाबांकडे वळून ओरडला, "झाकण कुणी लावलं? मी गॅस्केट आणायला कोठारात गेलो होतो, तेवढ्यात कुणी लावलं?"

"काकाने," बाबा म्हणाले.

"आणि रंगारी?"

धाकटीचं हसू अजून चालू होतं. ते थांबायला थोडा वेळ लागला.

"गेला ना तो," बाबा म्हणाले. "कालच."

"कुठला काल? सकाळी काकांनीच पाठवला त्याला आत. कोपरावर गंज राहिलाय, पाणी सोडायच्या आधी तो निघायलाच हवा म्हणून. त्याच्या चपला आहेत तिथे. मॅनहोलशी."

खोलीत पाइपची थरथर होती. बाबांनी फडक्याची नीट घडी घातली.

"मग आज गेला," ते म्हणाले. "मी बघितला मघाशी. फाटकाकडे जात होता."

"अनवाणी?"

"त्याला काय, कसाही जाईल. परका माणूस."

मॅनहोल आणि फाटक खाली. बाबा सकाळपासून या खोलीतून एकदाही बाहेर पडले नव्हते, आणि खिडकीतून फाटक दिसत नाही. बाबा इथून हललेच नाहीत हे दादाला ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं.

दादा तिच्याकडे वळला. उकिडवा बसला, तिच्या तोंडासमोर तोंड आणलं. त्याच्या डोळ्यांचा रंग आता तिला अगदी स्पष्ट दिसत होता. "तू बघितलास त्याला? बाहेर?"

बाबा खिडकीशी जाऊन उभे राहिले होते, पाठमोरे. त्यांना ऐकायला येत होतं. त्यांना सगळं ऐकायला येत होतं, आयुष्यभर येत आलं होतं.

"हो," ती म्हणाली.

तो शब्द फार सहज आला. तोंडात आधीपासूनच कुणी आणून ठेवला असावा तसा.

७

यंत्रांच्या दालनात खुर्च्या मांडल्या होत्या. छताचे सगळे दिवे लावले होते आणि कुणी ते कमी करा म्हणत नव्हतं. इतक्या दिवसांनी लोकांना उजेड पुरत नव्हता. पुढच्या रांगांत निवृत्त लोक, त्यांच्या बायका, मास्तर, दातांचा डॉक्टर, न्हावी. मागे तरुण पोरं, भिंतीला टेकून, खिशात हात घालून. शेजारच्या म्हातारीची सूनही आली होती. धाकटी आत येताच तिने बाजूची खुर्ची पुढे सरकवली आणि हलकेच म्हणाली, "शहाणी झालीस हो."

धाकटी बसली. दादा बसला नाही. तो मागे दाराशी उभा होता, गळ्यात गॅस्केट तसंच.

वाटेत मॅनहोलपाशी चपला नव्हत्या. दादा धावत पुढे गेला, इकडेतिकडे बघत राहिला. तिने कुठेच पाहिलं नाही. मांडवाच्या कडेला काकांची गाडी उभी होती आणि तिची डिकी कुणीतरी नुकतीच लावली होती. हे दिसायला नको होतं तरी दिसलं.

काका बोलायला उभे राहिले. आज त्यांचा आवाज चांगला लागला होता. पहिल्या दिव्याची गोष्ट त्यांनी सांगितली, वडिलांची सांगितली. मग टर्बाइनाजवळ गेले आणि तिच्या पोटावर थाप मारली.

"शंभर वर्षं हिने गाव पोसलं," ते म्हणाले. "शाळा चालवली, दवाखाना चालवला, तुमच्याआमच्या चुली पेटवल्या. आणि शंभर वर्षांत एकही माणूस घेतला नाही."

टाळ्या झाल्या. मनापासून झाल्या. मागची पोरं शिट्ट्या मारत होती. धाकटीचेही हात वाजत होते.

टाळ्या विरल्या आणि काका पुढचं बोलायला तोंड उघडणार, त्या फटीत ते आलं.

घरघरीत ते कानाला कळलंच नसतं. पायांना कळलं. फरशीखालून पाइप जातो, भरलेला, सगळ्या तलावाचं ओझं आत वाहत असलेला, त्याच्यातून. तीन. सावकाश, सारख्या अंतराने.

आणि त्यांच्यानंतर, जरा मागाहून, आणखी तीन. हे घाईचे होते. एक लवकर, एक चुकून हलका. अजून हात न बसलेल्या माणसाचे.

काका थांबले नाहीत. पुढचं वाक्य त्यांनी उचललं. पण पुढच्या रांगांतल्या सगळ्या माना खाली गेल्या होत्या. सगळ्या, एकाच वेळी, कुणी दोरी ओढल्यासारख्या. निवृत्त लोकांच्या, त्यांच्या बायकांच्या, मास्तरांच्या, न्हाव्याच्या. शेजारची सून आपल्या पदराचं टोक बघत होती. आई आपल्या नखांकडे बघत होती. सगळ्यांना ऐकू आलं होतं, आणि हे पहिल्यांदा होत नव्हतं. मग एकेक करून माना वर आल्या, चेहऱ्यांवर भाषण ऐकतानाचं तेच आदराचं हसू घेऊन.

मागच्या पोरांना काही कळलं नव्हतं. त्यांच्यातला एकजण जांभई देत होता.

फक्त दादा. तो काकांकडे बघत नव्हता, बाबांकडे बघत नव्हता. दाराशी उभा राहून तो सरळ तिच्याकडे बघत होता, आणि त्याची नजर बघून तिला कळलं की आपण आत्ताच मान वर केली आहे.